पूजेचा फोटो

झेंडूचा वास आला की आठवतं, तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीला हडपसरमध्ये कॉफी विकणाऱ्या एका इथिओपियन बाईंना चक्क आरती करून फसवलं गेलं. कॉफी भाजायचं मशीन त्यांचं, कष्ट त्यांचे. परवाना आणि भाडेकरार तेवढे 'सोयीसाठी' इथल्या भागीदाराच्या नावावर. मशीनला हार घालून पूजेला तोच बसला. "मॅडम, तुम्हाला विधी कळायचे नाहीत, तुम्ही आपला फोटो काढा." त्यांनी हौसेने काढला. "मग तुम्हा दोघांतले मालक कोण?" पूजेचं बोलावणं मलाही होतं, म्हणून मी त्याला विचारलं. "अहो, आधी प्रसाद घ्या!" दिवाळीत त्याने कुलूप बदललं आणि पोलीस चौकीत मालकीचा पुरावा म्हणून तोच फोटो दाखवला. दुकान आजही त्याच्याकडेच आहे. कुणा परदेशी माणसाचं दुकान 'सोयीसाठी' तुमच्या नावावर असेल, तर ते आजच्या आज त्याच्या नावावर करा.