मी 'मराठी' निवडली

लकव्याने माझ्या सासऱ्यांची वाचा गेली. तोंडातून निघायचं ते नुसतं घोगरं काहीतरी. पेन धरलं की बोटं थरथरत, पण कीबोर्डच्या कळा मात्र दाबता येत. इंदूरच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी आयुष्यभर हिंदी टायपिंग केलं होतं. त्यामुळे कळांकडे न बघता ते घरच्या जुन्या डेस्कटॉपवर मोठ्या अक्षरांत लिहीत आणि आम्ही वाचत असू. "बेटा, पोह्यात जीरावन कम आहे." "नल आला, मोटर चालू कर." मी साताऱ्याची; जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, हेही इथे इंदूरला येऊन कळलेलं. ही खिचडी मराठी वाचून माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या, तरी घरात त्यांचा आवाज म्हणजे तो स्क्रीन, हे मलाही कळत होतं.

गेल्या वर्षी त्या डेस्कटॉपने मान टाकायला सुरुवात केली. विंडोजचे अपडेट कधीच बंद झालेले, एक फाइल उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. नवरा म्हणाला, नवीन घेऊ. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, मला तो माझा अपमानच वाटला. "काही नको," मी म्हटलं, "विंडोज काढून फुकटचं लिनक्स टाकते, पाच वर्षं बघायला नको."

मग आठवडाभर पेनड्राइव्हवरून एकेक प्रकारचं लिनक्स चालवून पाहिलं. पहिलं दिसायला देखणं, पण आमच्या दोन जीबी रॅमवर माऊसचा बाणसुद्धा रांगायला लागला. दुसरं हलकं म्हणून नावाजलेलं, ते फक्त चौसष्ट बिटांच्या मशीनवर चालणारं आणि आमचं बत्तीसचं. तिसऱ्यात देवनागरीचा फॉन्टच नव्हता, अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. चौथं साधं, राखाडी, खाली विंडोजसारखीच पट्टी, अक्षरं स्वच्छ. तेच टाकलं. कीबोर्ड कोणत्या भाषेचा, असं त्याने विचारलं तेव्हा यादीत हिंदीही होती आणि मराठीही. मी मराठी निवडली. खरं सांगायचं तर तेव्हा मला भाषेची मोठी सेवा केल्यासारखं वाटलं होतं.

बाबा बसले, भराभर बोटं चालवली, आणि स्क्रीनवर जे उमटलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. अक्षरं देवनागरी, पण शब्द एक धड नाही. त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं. तसंच. मग ते कीबोर्डवर बोट आपटत माझ्याकडे बघू लागले. कळा अडकत असतील म्हणून मी नवा कीबोर्ड आणला. त्यावरही तोच गोंधळ. मी स्वतः दोन ओळी इंग्रजीत टाइप करून पाहिल्या, मशीन व्यवस्थित चालत होतं. बिघाड माणसातच आहे, असं मी ठरवून टाकलं.

"अरे, बाबांचं आता डोकंही गेलं," मी स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हणाले. बाबा पलीकडच्याच खोलीत होते. दोन दिवसांनी डॉक्टरांना त्या ओळी दाखवल्या. त्यांनी बाबांना काही प्रश्न विचारले, बाबा चिडून टेबलावर हात आपटायला लागले, आणि डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलं की रुग्णाला भ्रम होतो, स्मृती जात असावी. त्यानंतर आम्ही त्यांना काही विचारणंच सोडलं. भाजी कोणती, फिरायला जायचं का, सगळं आम्हीच ठरवू लागलो.

बाबांसाठी रजा मागायला गेले तेव्हा कॉलेजच्या हेडक्लार्कना मी मोबाइलमधला त्या ओळींचा फोटो दाखवला. ते जुने टायपिस्ट; फोटो बघत टेबलावरच टाइप केल्यासारखी बोटं नाचवू लागले.

"मैडमजी, ये तो टाइपराइटरवाले हाथ हैं. आपने कीबोर्ड कौन-सा रखा?"

"मराठी."

"तो गड़बड़ वहीं है. उसके अक्षर दूसरी जगह बैठते हैं. हिंदी में जाइए, टाइपराइटरवाला मिलेगा."

घरी येऊन शोधलं, तर हिंदीत टाइपराइटरची मांडणी मिळाली. बाबांनी कचेरीच्या सवयीने रोज लिहिलेलं पान कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलं होतं. कोणतं अक्षर मराठी कीबोर्डवर कोणत्या कळेवर आहे ते बघत, तीच कळ मी नव्या मांडणीत दाबत गेले. पहिल्या दिवशीचं निघालं, "बेटा, कीबोर्ड बदल गया आहे." दुसऱ्या दिवशीचं, "नवा नको. जुनी सेटिंग लाव." शेवटचं डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशीचं होतं. "मी पागल नाही झालो. किचनमधलं सगळं ऐकू येतं."

मला रडू फुटलं. कोणतं लिनक्स किती रॅम खातं ते मी चारचारदा तपासलं होतं. बाबा टाइप कसं करतात, ते सात वर्षं एका घरात राहून एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली, अजूनही वाटते.

बाबांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "बाबा, चूक माझी होती. माफ करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एक शब्द लिहून तो बरोबर उमटतो का ते बघितलं, पुसला, आणि लिहायला लागले. मला वाटलं, आता रागावतील, नाहीतर जाऊ दे म्हणतील.

"डॉक्टरच्या फाइलमध्ये माझं दिमाग खराब लिहिलं आहे. ते कटवून आण."

"हो बाबा, उद्या सकाळीच जाते."

त्यांनी एकच शब्द टाइप केला.

"आज."