बिनहिंगाची उसळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही — देवापुढे बसले तरी दुसरंच काहीतरी पुटपुटते. तुला सांगते. तू आमच्या घरातली नाहीस, म्हणून जमेल.

नातवंडं मला हसतात. कुणाचं पोट फुगलं की माझा पहिला प्रश्न — सकाळी उठल्यावर उतरलेलं असतं का? आजीला पोटाचं वेड, म्हणतात. म्हणू देत.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मुलुंडला दोन खोल्यांत आम्ही नवराबायको, मोठे दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं. जावेला मी तोंडावर वहिनी म्हणायचे, अहो-जाहो करायचे. मनात ती 'ती'च होती, आणि इथे मनातलंच लिहायचंय. ती ऑफिसात जायची, मी घरात. तिचा डबा माझ्याकडे.

माझ्या लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारीण माझी ओटी भरायला पुढे आली, तर ही सगळ्यांसमोर म्हणते, "हिची राहू दे गं, आधी पोट तर दिसू दे!" बायका हसल्या. मीही हसले — काय शहाणी! हातातल्या तिळाच्या लाडवाचा चुरा होईपर्यंत हसले.

पोट बघायचंय ना? थांब, दाखवते.

पांढरे वाटाणे रात्री भिजवायचे, सकाळी ते पाणी फेकायचं, फोडणीला हिंग आणि ओवा — हे आमच्याकडे शाळकरी पोरींनाही माहीत असतं. घरच्यांसाठी मी तसंच करायचे. तिच्या डब्याची उसळ मात्र वेगळ्या पातेलीत, त्या भिजवलेल्या पाण्यातच शिजवलेली, हिंगाचा कणही नाही. वर ओलं खोबरं, कोथिंबीर — बघत राहावी अशी. आठवड्यातून चार दिवस. स्वतःला मोठी कारस्थानी समजत होते मी. आणि हत्यार काय, तर वाटाणा!

पण वाट लागली गं तिची. संध्याकाळी यायची ती निऱ्या सैल करतच. एकदा ऑफिसातल्या बायकांनी विचारलं, "काय गं, तिसरं की काय?" घरी येऊन तिने पर्स आपटली. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून हसले. खोटं कशाला बोलू? त्या घरात इतकं सुख मला त्याआधी मिळालं नव्हतं.

इथवरच असतं, तर गंमत म्हणून मी हे कधीच सांगून टाकलं असतं. नाही का?

गणपतीच्या सुमाराला मी थांबले. दया वगैरे नाही — मजा ओसरली. उसळ चालूच ठेवली, पण पाणी फेकून, हिंग-ओवा घालून. कुणाला फरक कळला नाही. आणि तिचं पोट? तसंच. पंधरा दिवस, महिना, दीड महिना. गॅसचं पोट सकाळपर्यंत उतरतं. हे सकाळीही तट्ट. डबा अर्धा परत यायला लागला. "दोन घासांतच भरतं गं," म्हणायची. हातांच्या काटक्या झाल्या, गाल बसले, आणि पोट पुढे. घरात सगळे म्हणत — गॅस. तो गॅस नाही, हे कळण्यासारखं एकाच माणसाला होतं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे तिला मीच घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "खाण्यात काय असतं?" मी म्हटलं, "वाटाण्याची उसळ फार आवडते त्यांना."

शब्द न् शब्द खरा. डॉक्टर हसले, "मग दुसरं काय होणार!" गुलाबी औषधाची बाटली दिली. पुन्हा गेलो, पुन्हा बाटली. आताची उसळ बाधणारी नाही हे सांगायचं, तर आधीची कशी होती तेही सांगावं लागलं असतं. भीती वाटली मला.

दिवाळीनंतर मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पोटात पाणी झालेलं, अंडाशयात गाठ. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतके महिने काय करत होतात?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी फरशीकडे.

उसळीने गाठ होत नाही. ते मी विचारून घेतलं — दोनदा. पण उसळीच्या आड ती गाठ लपली, आणि आड काहीतरी आहे हे मला एकटीला दिसत होतं.

चैत्रात ती गेली. त्याआधी एक दिवस म्हणाली, "शालू, वाटाण्याची उसळ कर ना गं. ऑफिसात बायका मागायच्या, मी कुणाला चमचाभरही दिली नाही. एवढं मन लावून माझ्यासाठी कोण करतं?"

केली. पाणी फेकलं, हिंग घातला. तिने दीड घास खाल्ला.

वर मी लिहिलंय, भीती वाटली. नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला संक्रांतीच्या त्या बायका हसताना ऐकू येत होत्या. वाटलं — फुगू दे अजून थोडं.