अक्काच्या खोलीखालचं पाणी

ठोककाका जमिनीला कान लावून पडलेले दिसले की नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा चक्कर येऊन कोसळला. एकदा बँकेच्या दारात एका बाईंनी त्यांच्या तोंडावर पाणीच मारलं. काका उठून बसले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "बाई, जरा दम धरला असतात तर पाइप कुठे फुटलाय ते सांगितलं असतं. आता कानात पाणी गेलं!"

त्यांचा धंदाच तसा. घराखाली गडप झालेल्या मोऱ्या, नाल्या, सांडपाण्याचे पाइप हुडकून द्यायचे. हातात एक लांब सळई, तिच्या टोकाला लाकडी मूठ. सळई फरशीवर टेकवायची, मुठीला कान लावायचा आणि कुणाला तरी आत पाणी सोडायला सांगायचं. कधी नुसतंच ठोकत जायचं. म्हणून ठोककाका. खरं नाव बायकोलाही आठवावं लागतं. तिचं गाऱ्हाणं वेगळंच. "यांचा उजवा कान धंद्याचा आणि डावा घरचा," ती म्हणते. "उजव्याला शेजारणीचा नळ गळतो तेसुद्धा ऐकू येतं. डाव्याला घरातलं पीठ संपलेलं कधी ऐकू येत नाही."

हा कान आला कुठून, हे मी त्यांना छळून छळून विचारलं. मला अशा गोष्टी कळल्याशिवाय जेवण जात नाही. तर त्यांच्या वडिलांची भट्टी होती, मातीचे पाइप भाजायची. भट्टी उघडली की लहानग्या ठोककाकांनी एकेक पाइप बोटाच्या पेरानं वाजवून बघायचा. धड पाइप घंटेसारखा बोलतो, तडा गेलेला खोकतो. पुढे प्लॅस्टिकचे पाइप आले आणि भट्टी विझली. घरातले सगळे डोक्याला हात लावून बसले. काकांच्या मनात आलं, इतकी वर्षं भाजलेले पाइप गेले कुठे? जमिनीतच ना? मग ते शोधायला कुणीतरी लागणारच. झालं, सळई उचलली आणि बाहेर पडले.

त्यांची काम करायची एक तऱ्हा आहे. घरात शिरल्यावर सळई दाराशी ठेवायची, चहा मागायचा आणि घरातल्या प्रत्येकाला विचारायचं, "भांडी कुठे घासायचात? धुणं कुठे धुवायचात? पोरांना आंघोळी कुठे घालायचात?" लोक वैतागतात. अहो, नाली शोधायला बोलावलंय, तुम्ही आमच्या आंघोळी कसल्या विचारताय! पण काकांचं म्हणणं असं, की पाइप घालताना माणूस नकाशा बघत नाही, बायको कुठे बादली ओतते ते बघतो.

आता अक्काचं सांगतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा गुडघा गेला आणि जिना सुटला. तेव्हा तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, मागचं अंगण आत घेऊन तिला एक खोली बांधली. लागूनच बाथरूम, खिडकीशी बसायला कट्टा. बांधकाम चाललं होतं तेव्हा अक्का मुलीकडे राहिली होती. परत आली ती थेट नव्या खोलीत. दिवसभर कट्ट्यावर बसून गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायची. खूश होती.

आणि मग बाथरूमच्या जाळीतून पाणी उलटं वर यायला लागलं. गंमत अशी, की अक्का न्हायली तर यायचं नाही. सुनेनं स्वयंपाकघरात भांडी घासली की यायचं, वर साबणाचा फेस आणि एखादं भाताचं शीत. भाच्यानं पाइप साफ करणारे आणले. त्यांची तार थोडी आत जायची आणि अडायची. रस्त्यावरचं चेंबर उघडलं तर कोरडं ठणठणीत. मधे पाणी जातं कुठे, कुणालाच सांगता येईना.

शेवटी भाच्यानं ठरवलं, खोलीची सगळी फरशी फोडायची. सोमवारी माणसं येणार. तोवर अक्कानं मुलीकडे जायचं, चौथ्या मजल्यावर.

"तात्पुरतंच ना गं आई," तो म्हणाला.

"तुझं तात्पुरतं मला ठाऊक आहे," अक्का म्हणाली. "जिन्याखाली तुझी सायकल तात्पुरतीच ठेवली होती. तुला मिशा फुटल्या तरी तिथेच होती."

मला तिनं बाजूला घेतलं. "माझी पिशवी एकदा या दारातून बाहेर पडली की इथे धान्याची पोती येतील, जुना पंखा येईल, मग कपाट. मी चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तू काहीतरी कर." सुनेनं सासूचे कपडे भरून पिशवी कॉटवर ठेवलीच होती. मी उठलो आणि ठोककाकांना घेऊन आलो.

त्या दिवशी काकांची चूक झाली ती भाच्याच्या घाईमुळे. चहाबिहा काही नाही, भाचा दारातच त्यांना धरून म्हणाला, "काका, स्वयंपाकघर इथे, रस्ता तिथे. पाइप सरळ रेषेत असणार. तुम्ही फक्त जागा दाखवा." काकांनीही ऐकलं. सळई टेकवत टेकवत गेले. कॉटजवळ थांबले. मूठ कानाला, डोळे मिटलेले. खाली पोकळ होतं. मी पण कान लावून पाहिला. मला फक्त माझंच रक्त धडधडताना ऐकू आलं, पण मी मान हलवली.

फरशी उचलली. खाली उंदरांचं बीळ! त्यात सुनेचा हरवलेला केसांचा चाप आणि अर्धा साबण.

"वा!" अक्का कट्ट्यावरून म्हणाली. "यांना बोलावलं तर बरंच काही सापडतं की. माझे दातही शोधायला सांग."

भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं. सोमवारची तोडफोड काही टळत नव्हती. ठोककाका मात्र शांत. सळई उचलून दाराशी नेऊन ठेवली आणि म्हणाले, "चुकलं. आधी चहा."

चहा आला. स्वयंपाकघराच्या सिंकमधे त्यांनी कपड्याची नीळ कालवून बादलीभर पाणी ओतायला लावलं. बाथरूमच्या जाळीत थोड्या वेळानं निळं पाणी डोकावलं. रस्त्यावरचं चेंबर कोरडंच. "म्हणजे दोन्हीकडचं पाणी एका जागी भेटतंय," काका म्हणाले, "आणि तिथून पुढे त्याला कुणी जाऊ देत नाही." मग अक्कासमोर मांडी घालून बसले. "अक्का, खोली नव्हती तेव्हा तुम्ही धुणं कुठे धुवायचात?"

"अंगणात. दगड होता मोठा. सासऱ्यांनी हे घर घेतलं त्याच्या आधीपासूनचा. कडेला एक फट होती, तिच्यातून पाणी जायचं."

"कुठे जायचं?"

"आता पाणी कुठे जातं ते कोण बघतं? जायचं."

"आणि तो दगड?"

अक्काचा आवाज जरा बदलला. "फेकला असेल. मला कोण विचारतंय? लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच्यावर हात झिजवले."

स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "फेकला कुठे? गवंड्याला तो हलेना. म्हणाला, पाया आयता मिळालाय, बांधू यावरच. तुम्ही बसलाय त्याच्याच खाली आहे तो."

आम्ही सगळे अक्काकडे बघायला लागलो. अक्का आपल्या मांडीकडे बघायला लागली.

"अगं, मग सांगायचं नाही का?" भाचा बायकोला म्हणाला.

"विचारलं कुणी?" सून म्हणाली. "सगळे नाली विचारत होते. दगडाचं कुणी विचारलं?"

काकांनी अक्काला हात धरून उठवलं, कट्ट्याला सळई टेकवली आणि सुनेला पाणी सोडायला सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा काही खुलला, की मी त्यांना ढकलूनच मूठ माझ्या कानाला लावली. आणि या वेळी खरंच ऐकू आलं हो! खाली, खोल कुठेतरी, एक मोठं पातेलं हळूहळू भरत असल्यासारखं.

कट्टा फोडायला वेळ लागला नाही, दोन विटांचा तर होता. खाली अक्काचा दगड, वापरून गुळगुळीत झालेला. त्याच्या कडेची फट सिमेंटनं बुजलेली. पहार घालून मी, भाचा आणि काका असे तिघांनी तो सरकवला. खाली विटांचं चौकोनी चेंबर, काठोकाठ निळ्या पाण्यानं भरलेलं. म्हणजे धुण्याचा दगड कसला, कुणीतरी चेंबरवर टाकलेलं झाकण होतं ते! इतकी वर्षं अक्का झाकणावर धुणं आपटत होती.

पाणी उपसल्यावर दिसलं, बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तोंडात सिमेंटची मोठी जीभ घट्ट बसली होती. पाणी विटांच्या सांध्यांतून थोडं थोडं झिरपायचं, म्हणून अक्काच्या बादलीभर आंघोळीला जागा व्हायची, सुनेच्या भांड्यांना नाही.

"गवंडी घमेली कुठे धुवायचे?" काकांनी विचारलं.

सून दाराशी आली. "त्या दगडावरच. पाणी जायला जागा होती ना. मीच दाखवली."

गवंड्याचा तरी काय दोष? अख्खं घर तिथेच पाणी ओतत आलं होतं.

काका चेंबरमधे उतरले. आधी पाइपवर पेर वाजवून पाहिलं. मातीचा पाइप होता. "बोलतोय," ते म्हणाले. मग छिन्नीनं हळूहळू सिमेंट टोकरत बसले, पाइपला धक्का न लावता, कान सारखा जवळ. सिमेंटचा गोळा बाहेर आला तेव्हा भाच्यानं स्वयंपाकघरातले नळ सोडले. पाणी चेंबरमधे आलं, क्षणभर घुटमळलं आणि गडगडत निघून गेलं. मी रस्त्याकडे धावलो. माझ्या वयाला ते शोभलं नाही म्हणतात. चेंबर उघडंच होतं, आणि त्यात निळं पाणी आलं!

परत आलो तर भाचा फोनवर होता. "नको, सोमवारी येऊ नका. झालं काम." मग अक्काला म्हणाला, "आई, आता यावर परत कट्टा बांधून देतो."

"बांधलास तर बघ," अक्का म्हणाली. "उचलता येईल असं झाकण कर, आणि त्याच्यावर माझी खुर्ची ठेव. उद्या परत तुंबलं तर मी नुसती उठून बाजूला होईन."

सुनेनं कॉटवरची पिशवी उघडली आणि कपडे कपाटात लावायला घेतले. तेवढ्यात अक्काच्या मुलीचा फोन आला, आई किती वाजता निघतेस म्हणून. अक्का चेंबरच्या काठाशी ओणवी होऊन आत बघत होती, शेजारी ठोककाका.

"आज नाही गं जमायचं," ती म्हणाली. "घरात माणसं आलीयत. आणि हे बघ, कधी यायचं ते मी ठरवीन. येईन तेव्हा पाहुणी म्हणून येईन, हातात लहान पिशवी घेऊन."

फोन ठेवून ती काकांकडे वळली. "हं, सांगा आता. रस्त्यावरच्या चेंबरमधून पुढे पाणी कुठे जातं ते?"