तेराचा पाढा

रविवारची दुपार. जेवण अंगावर आलंय, पंखा गरगरतोय आणि पलंगाशेजारी उभी राहून माझी मिनू तेराचा पाढा म्हणतेय. सात वर्षांची आहे. आज तिसऱ्यांदा ‘तेरा सक’ला अडकलीय, म्हणून मी उशाशी लाकडी पट्टी ठेवलीय. मारत नाही हो मी, नुसती धाकाला ठेवते. बरं, दोनदा मारलीय. परवा तिच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, “आधी प्रश्न विचारून भंडावून सोडायची, आता तोंडच उघडत नाही.” लाड झालेत, दुसरं काय, असं मी मनात म्हटलं. माझे डोळे मिटतात. मिनूचा आवाज लांब लांब जातो.

“तेरा चोक?”

हा आवाज मिनूचा नाही. भाऊंचा आहे. भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. पलंगाच्या पायथ्याशी उभे आहेत, खिशाला तोच शाईचा डाग.

“बावन्न,” मी म्हणते. माझा आवाज लहान मुलीचा येतो.

“पंचे?”

“पासष्ट.”

“सक?”

डोकं एकदम रिकामं. मला येतं हो, देवाशप्पथ येतं! मी आत्याच्या परसात बसलेय. आत्या चिंचा फोडतेय आणि मी चिंचोक्यांच्या ढिगल्या लावतेय. तेरा-तेराच्या सहा. “चुकलीस तर परत मोजू गं,” आत्या म्हणते, “कुठं गाडी सुटतेय आपली?” मी हसत हसत मोजते. इथं मी किती हुशार असते! मान वर करते तर आत्या नाही, परस नाही. आमच्या जुन्या स्वयंपाकघराचा कोपरा आहे, दोन्हीकडून भिंत आणि समोर भाऊ.

“सक किती, शलाका?”

“भाऊ, तुम्ही समोर असलात की मला काही सुचतच नाही.”

ते जिवंत असताना हे बोलायची माझी छाती झाली नव्हती. आता पट्टी बसणार म्हणून मी अंग चोरते. पण भाऊंचाच चेहरा पांढराफटक पडलाय.

“मलाही सुचायचं नाही,” ते कुजबुजतात.

“मग मला का मारायचात?”

“मला वाटायचं, मार खाल्ला म्हणूनच मी शिकलो.” ते कान देऊन ऐकतात. “बघ जरा, अप्पा आलेत का?”

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. मी त्यांना कधी पाहिलेलंच नाही. स्वयंपाकघराच्या दारापलीकडे शाळेचा लांबच लांब व्हरांडा आहे, काळोखा, आणि तिकडून वहाणांची करकर येतेय. सावकाश, अजिबात घाई नसल्यासारखी. भाऊ लहान लहान होत जातात. माझ्या कमरेएवढे होतात, माझा पदर धरून माझ्यामागे लपतात. सत्तराव्या वर्षी गेलेला माणूस! मग ते हात पुढे करतात, तळवा वर.

“तू मार,” ते म्हणतात. “लवकर मार. तू मारलंस की अप्पा मारणार नाहीत.”

करकर दाराशी येऊन थांबते. पट्टी माझ्या हातात कधी आली मला कळत नाही. माझी पाचावर धारण बसलीय. मी किंचाळते, “सक किती? सांग! सक किती?”

आणि डोळे उघडतात.

पंखा फिरतोय. बाहेर कुणीतरी बादली भरतंय. मी पलंगावर उठून बसलेय आणि पट्टी खरोखरच माझ्या मुठीत आहे. मिनू समोर उभी आहे, डोळे घट्ट मिटून, हात पुढे करून. तिच्या तळव्यावर लालभडक पट्टा उमटलाय.

“मिनू... मी मारलं तुला?”

“तू विचारलंस,” ती म्हणते. “मला आलं नाही.”

देवा, हे काय केलं मी! मी पट्टी फेकते. ती जमिनीवर आपटल्याचा आवाज होतो, तशी मिनू दचकते, पण डोळे काही उघडत नाही.

“आई,” ती हळूच विचारते, “आता दुसरा हात देऊ?”