सामान सांभाळणाऱ्यांची फेरी

चादरीची घडी निम्मीच झाली होती. दोन टोकं माझ्या हातात, दोन जाऊबाईंच्या. चादर ताणून झटकली, आणि टोकाला टोक जुळवायला जवळ यायचं सोडून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"आज हे येतो म्हणालेत."

"कुठे?"

"फेरीला. म्हणजे धक्क्यापर्यंत." त्यांनी आपल्याकडची टोकं खुर्चीच्या पाठीवर टाकली. हातातलं काम टाकून उठायचा त्यांचा स्वभाव नाही, म्हणून मीही माझ्याकडची टोकं तिथेच टाकली. देवासमोरच्या दिव्याची वात सारखी केली, मनातल्या मनात हात जोडले आणि चपला पायात सरकवल्या.

जाऊबाई नोकरीत होत्या तेव्हा धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत बसायच्या. पलीकडच्या काठाला जाणाऱ्या बोटीची तिकिटं द्यायच्या. खिडकीसमोर एक लांब दगडी बाक आहे. त्या सांगतात, सहलीला आलेल्या प्रत्येक घरातलं एक माणूस त्या बाकावर उरायचं. बाकीचे दीपगृह बघायला, जुन्या तटावर चढायला पसार, आणि कुणाची तरी आजी, नाहीतर गुडघे धरलेली मावशी, पिशव्यांच्या ढिगाशेजारी. "तुम्ही निवांत बसा हं, सामानाकडे लक्ष असू दे," हे घरचे किती गोड आवाजात म्हणतात त्याची नक्कल जाऊबाई हुबेहूब करतात. मग मंडळी उन्हाने लाल होऊन परत यायची. काय काय बघितलं ते एकमेकांनाच सांगायची. बाकावरच्या माणसाला विचारायची, "पाण्याची बाटली कुठे ठेवलीस?"

काचेतून हे बघताना त्यांना बोचायचं, कारण त्याही त्यातल्याच. त्यांचे यजमान म्हणजे माझे थोरले दीर. मी त्यांना दादा म्हणते. ते बोटीच्या इंजिनावर कामाला होते, आणि सुट्टी मिळाली रे मिळाली की पायाला भिंगरी. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत ते डोंगर चढून गेले आणि जाऊबाई पायथ्याशी डबे राखत बसल्या. पुढे तीच रीत पडून गेली. दादा वाईट नव्हेत. त्यांना मागे वळून बघायची सवय नव्हती, एवढंच.

नोकरी संपल्यावर जाऊबाईंनी ही फेरी सुरू केली. दर रविवारी सकाळी, धक्क्यापासून समुद्राच्या भिंतीकडेने, जकातीच्या जुन्या कचेरीवरून, मिठाच्या कोठारावरून दीपगृहापर्यंत. वाट सपाट, चढ नावाला, आणि बसायला जागोजाग बाक. नियम थोडेच. सामान मागे ठेवायचं नाही आणि सामानाशी माणूस ठेवायचं नाही. जाऊबाई सगळ्यांच्या मागे चालणार, म्हणजे आपण शेवटचे असं कुणाला वाटायला नको. आणि सगळ्यात सावकाश चालणारा जिथवर जाईल तिथवरच फेरी. तो थांबला की सगळे थांबले.

दादांनी या फेरीला गोगलगायींची पलटण असं नाव दिलं होतं. दारात उभं राहून विचारायचे, "काय, आज पोचणार का पलटण, की पुढच्या रविवारी?" जाऊबाई हसून निघून जायच्या.

मग दादांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला ही देवाची कृपा, पण पाय ओढायला लागला. डॉक्टरांनी बजावलं, "चाला. नाही चाललात तर हा पाय लाकूड होईल, मग मी काही करू शकणार नाही." दादांनी मान डोलावली आणि घरी येऊन खिडकीशी बसले ते बसलेच. अंगणापर्यंतसुद्धा जाईनात. जाऊबाईंनी विनवलं, रागावल्या, दोन दिवस अबोला धरला. शेवटी तेही सोडलं. मात्र रविवारी निघताना त्यांची काठी दाराशी उभी करून जायच्या. परत आल्यावर ती तिथेच असायची. ती आत उचलून ठेवताना त्यांचा चेहरा मला बघवत नसे. दर खेपेला पाय आणखी थोडा जड झालेला दिसायचा.

आणि आज ते येतो म्हणाले होते.

धक्का आमच्या गल्लीच्या टोकालाच आहे, तरी पोचेपर्यंत दादा घामाघूम झाले. तिथे फेरीची मंडळी जमली होती. त्यातल्या दोघांबद्दल इथे सांगायला हवं. एक गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना दिसत नाही, ते बोटांनी दगड वाचतात. दुसरी चाकाच्या खुर्चीतली शिंपीण, जिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा जास्त चालते.

दादा थेट दगडी बाकावर बसले. काठी गुडघ्यांत धरली आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी बसतो इथे. कुणाचं काही सामान असेल तर ठेवून जा. सांभाळतो."

जाऊबाईंकडे बघायचा धीर होईना.

"आमच्याकडे सामान ठेवायची पद्धत नाही," गुरुजी म्हणाले.

"मग नुसता बसतो."

जाऊबाई दोन पावलं आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. चहाचा थर्मास मांडीवर घेतला. म्हणाल्या, "चला, बसा सगळे. आजची फेरी झाली."

मंडळी खरंच बसली. कुणी बाकावर, कुणी पायऱ्यांवर. शिंपिणीने खुर्चीचा ब्रेक लावला. "मी तर आधीपासूनच बसलेय," ती म्हणाली. चहा फिरला.

दादा कावरेबावरे झाले. "अगं, हे काय? माझ्यापायी सगळ्यांना कशाला अडकवतेस?"

"तुमच्यापायी नाही. ही फेरी अशीच असते. सगळ्यात सावकाश माणूस थांबलं की फेरी थांबते."

"म्हणजे सगळ्यात सावकाश मी?"

"आजवर तो मान माझा होता," गुरुजी म्हणाले. "इतक्या वर्षांचा. सोडायला जड जातंय."

"मला नको तुमचा मान."

"तसं कसं? तुम्ही बसलात की तुम्हीच. घरी माझ्या सूनबाईंना आता काय सांगू, इंजिनवाल्यांनी मला मागे टाकलं, तेही बसल्याबसल्या?"

शिंपीण म्हणाली, "दादा, गुरुजींना हरवायला तसं काही लागत नाही. पुढच्या बाकापर्यंत त्यांच्याआधी पोचायचं. त्यांची मागची गाठ एका खेकड्याशी पडली होती. खेकडा जिंकला."

दादांच्या ओठाचा चालता कोपरा हलला. त्यांनी एकदा पुढच्या बाकाकडे पाहिलं. मग काठी रोवली आणि उठले. जाऊबाईंनी हात पुढे केला नाही. त्यांची बोटं थर्मासवर घट्ट झालेली मला दिसत होती.

पुढचा बाक जकातीच्या कचेरीच्या कमानीपाशी आहे. चार घरं ओलांडावीत एवढं अंतर. दादा पाय ओढत निघाले, आणि गुरुजी काही केल्या पुढे जाईनात. दादा थांबले की तेही थांबत, भिंतीवर हात फिरवत. "बघा, इथे बोटींचे दोर घासून घासून दगडाला पन्हळी पडल्यात. हात लावा. वाटीच्या आतल्या बाजूसारखं गुळगुळीत."

"मी याच धक्क्याला जन्मभर बोटी लावल्या," दादा म्हणाले.

"मग हात लावला असेल."

दादांनी काठी भिंतीला टेकवली आणि उजव्या हाताने पन्हळ चाचपली. मग डावा हात उजव्याने उचलून तिच्यात ठेवला.

"वेळच नव्हता," ते म्हणाले.

कमान जवळ आली तेव्हा दादा थांबले आणि मागे वळले. आधी मान, मग काठी, मग तो पाय, असे तुकड्यातुकड्याने. मला वाटलं, थकले. पण ते बघत होते, जाऊबाई येतायत की नाही.

"किती मागे राहतेस गं."

"माझी जागाच ती आहे."

"हं," ते म्हणाले, आणि त्या जवळ येईपर्यंत तिथेच उभे राहिले.

त्या दिवशी फेरी कमानीपाशच्या बाकापर्यंतच गेली. दीपगृह लांबूनच दिसलं. कुणी हळहळलं नाही. गुरुजींचा मान गेला की राहिला यावर मात्र परत येईपर्यंत वाद चालला होता.

घरी आल्यावर आम्ही चादर पुन्हा हातात घेतली. घडी घालताना जाऊबाईंचे डोळे भरले होते. मी नजर चादरीवर ठेवली. आतून दादांची हाक आली, "अगं, ही काठी घसरते. पुढचा बाक कोठारापाशी, तिथे फरशी ओली असते."

जाऊबाईंनी काठी उलटी करून बघितली. टोकाचं रबर चिरलं होतं. घडी घातलेली चादर त्यांनी माझ्या हातात दिली, पदराने डोळे पुसले आणि पिशवी घेतली. कोपऱ्यावरच्या दुकानातून काठीचं रबर आणायचं होतं.