वहिनींची बिनवासाची खोली

वहिनींच्या यजमानांचं अत्तराचं दुकान, आणि वहिनी मात्र अशा प्रयोगशाळेत कामाला, जिथे पावडरचा वाससुद्धा चालत नाही. तिथे स्त्रीबीज आणि शुक्राणू एका बशीत एकत्र ठेवतात, आणि हवेतल्या सुगंधी द्रव्यांनी त्यांना अपाय होऊ शकतो. म्हणून घरात कपाटं वेगळी, साबणही वेगळे. यजमान गिऱ्हाइकांना सांगत, "माझ्या धंद्याचा पहिला शत्रू घरातच पोसलाय!"

धाकटी नणंद मूल होण्याच्या उपचारासाठी तिथेच आली. एवढ्या औषधांनंतर बीज हाती लागलं एकच.

"दुसऱ्या कुणाला करायला सांगू का?" त्यांनी विचारलं. फसलं तर जन्मभर एकमेकींना तोंड दाखवायचं होतं.

"नको. तुझ्याच हातून होऊ दे," नणंद म्हणाली.

यजमान प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन ठेपलेच. "शर्यत लागली का? पहिला कोण?"

"अहो, आधी मागे सरका, घमघमताय नुसते! आणि शर्यत कसली? पुढे धावणारे बरेचदा वाट मोकळी करण्यातच दमतात. कवचातून एखादा बीजापर्यंत पोहोचला की बीजच त्याला आत ओढून घेतं, आणि मागच्यांना दार बंद."

"म्हणजे तुझ्या माहेरासारखंच. स्थळं रांगेत, मी एकटा आत."

"रांगेतले पस्तावलेत बिचारे," म्हणत वहिनींनी दार लावलं.

सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू बीजाभोवती शेपट्या हलवत झोंबत होते. वहिनींनी बशी उबदार पेटीत ठेवली. आता हात न लावणं हेच काम. घरी नणंद-भावजय भाजी निवडत बसल्या, आणि वहिनींनी देठ ठेवून पानं टाकून दिली.

सकाळी बशी काढली. बीजात दोन चिमुकली वर्तुळं दिसत होती, एक आईचं, एक बापाचं; म्हणजे फलन झालं होतं. वहिनींनी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. गर्भाशयात रुजणं अजून बाकी होतं, पण इथवरचं काम फत्ते झालं होतं. त्यांनी नणंदेला फोन लावला.

"जमलं गं."

पलीकडून प्रश्न आला, "वहिनी, कुणावर गेलंय?"

"अगं, अजून नाक यायचंय! सध्या दोघं नुसती शेजारी बसलीत. बोलणी व्हायचीत."

"भांडू नका म्हणावं," नणंद म्हणाली, आणि हसता हसता रडू लागली.