साक्षगंधाचं अळणी वरण

माझ्या लेकीच्या, सुनंदाच्या साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा स्वयंपाक मी नुसती चव पाहून बिघडवला.

तुम्ही म्हणाल, चव पाहून कुठं स्वयंपाक बिघडतो का? बिघडतो. आमच्या नेरडीगोंड्यात कुणाकडं कार्य असलं की चुलीवरच्या मोठ्या गंजातलं मीठ पाहायला मलाच बोलवत. मी पळीभर वरण तळहातावर घ्यायचं, चाटायचं, मान हलवायची. मगच पंगत बसायची. (आमच्या ह्यांच्या तहसील कचेरीतल्या सहीपेक्षा माझ्या मानेला भाव जास्त!)

आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. त्या साली ह्यांना बीपी निघालं. आदिलाबादचे डॉक्टर आधी तेलुगूत म्हणाले, "उप्पु तग्गिंचंडी", मग आमच्याकडं पाहून हिंदीत, नमक कम करो, गोली रोज लो. ह्यांचं डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. दुखत नाई तं गोळी काऊन, असं हे विचारत बसले. डॉक्टरांनी सांगितलं, दुखत नाही हीच तर बीपीची खोड. नसा आतल्या आत झिजतात, आणि कळतं तेव्हा मेंदूला किंवा किडनीला धक्का बसलेला असतो. मी घाबरले. एकासाठी वेगळं कुठं रांधू, म्हणून घरभर मीठ कमी केलं. लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. आधी घास गिळेना, मग सवय झाली.

बाहेर मात्र कुणाला सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. सुनंदाचं लग्न व्हायचं होतं. बापाला बीपी आहे हे कळलं की लोक म्हणणार, खानदानातच बिमारी आहे. भीमपूरचं स्थळ चांगलं होतं, पोरीलाही मुलगा मनापासून आवडला होता.

साक्षगंधाच्या दिवशी आचाऱ्यानं हाक मारली. मी वरण चाटलं आणि अंगावर काटा आला. खारट! आलू-वांग्याची भाजी त्याहून खारट. पाहुण्यायले मारतं काय रे, म्हणून मी वरणात हंडाभर उकळतं पाणी ओतायला लावलं, भाजीत आणखी आलू टाकायला लावले. माझ्या जिभेपुढं कोण बोलणार?

पंगत बसली. पहिल्याच घासाला भीमपूरची माणसं एकमेकांकडं पाहू लागली. नवरदेवाचा मामा मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "उद्या कोनी विचारलं, यायच्या घरचं मीठ खाल्लं काय, तं काय सांगाचं बाप्पा?" पंगत हसली. सुनंदा दारात उभी होती, तिचं तोंड उतरलं.

व्याही आणि विहीणबाई तेवढे निमूट जेवत होते. विहीणबाईंनी वरण परत मागितलं, वर म्हणाल्या, चव मस्त आहे. मला वाटलं, हा मामापेक्षा मोठा टोमणा. व्याही चमच्यानं भात खात होते, तोही मला थाटच वाटला. स्थळ गेलं असं धरून मी खांबाला टेकले.

तेवढ्यात हे जाऊन व्याह्यांसमोर बसले.

"तिची चूक नाई. मले बीपी हाय. आमी घरात सारेच अळणी खातो, तिची जीभच बदलली. तुमच्यापासून लपवलं आमी."

व्याह्यांनी डाव्या हातातला चमचा ठेवला आणि उजवा हात पुढं केला. बोटं मिटत नव्हती.

"मी तं गोळ्याच सोडल्या होत्या," ते म्हणाले. "बरं वाटून राह्यलं होतं ना. एका सकाळी उठलो तं हात उचलेना. तवापासून आमच्या बी घरी मीठ असंच. आमी बी लपवलंच. बापाचा असा हात पाहून तुमी पोरगी द्यान का नाई, कोन जाने."

मग कुणी हसलं नाही. मामासुद्धा खाली मान घालून अळणी भाजी खाऊ लागला. विहीणबाई ह्यांना एवढंच म्हणाल्या, "भाऊ, गोळी एक दिस बी चुकवू नका." त्या दिवसापासून, गोळी काऊन घेऊ, हा प्रश्न आमच्या घरात बंद झाला.

लग्न ठरल्याप्रमाणं झालं. मांडवात आम्हा दोघी विहिणींना चुलीपासून सगळ्यांत लांबच्या खुर्च्या दिल्या होत्या. जरा उठलं की कुणीतरी धावत यायचं आणि हाताला धरून परत बसवायचं. बायका म्हणत होत्या, काय बाई मान ठेवला विहिणींचा! मान कसला? भाजी वाचवत होते लोक.